तारीख कोर्टाची नाही

परदेशातल्या पालकांना नागपूरचं मूल दत्तक घेताना ‘कोर्टाच्या तारखांमुळे’ थांबावं लागतं, हे लेखातलं वाक्य जुनं झालं. 1 सप्टेंबर 2022 पासून नव्या अर्जांवर आदेश जिल्हाधिकारी देतात, म्हणजे फाइल जाते सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. निकालाची मुदत दोन महिने.

खरी रखडपट्टी आधी होते. पालकांच्या घरची पाहणी करून लिहिलेला गृहअभ्यास अहवाल तीनच वर्षं चालतो. मुलाची वाट पाहताना मुदत सरली की नवा करावा लागतो. मग देशाबाहेरच्या दत्तकविधानासाठीच्या हेग कराराच्या कलम 5 आणि 17 खाली पालकांच्या देशाची संमती, ‘कारा’चं, म्हणजे दत्तकविधान पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, ना-हरकत पत्र. आणि कृपा करून स्पेलिंग तपासा! आदेशात ‘आरव’ला एक ‘ए’ आणि जन्मदाखल्यात दोन, की पासपोर्ट अडलाच. तेवढे दिवस लेकरू संस्थेतच राहतं हो.