लैंगिक गुन्हेगारांची सरकारी यादी सर्वांना पाहता येते का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुरात असे म्हटले आहे की, केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची यादी जनतेसाठी खुली केली आहे, त्यात शेजाऱ्याचे नाव शोधता येते आणि लवकरच अमेरिकेप्रमाणे मोबाइलवर सूचनाही येतील, त्यामुळे पालकांनी निर्धास्त राहावे.

यादी आहे, एवढेच यात खरे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी ती सुरू केली, तेव्हा तिच्यात बलात्कार, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), छेडछाड अशा गुन्ह्यांतील सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या आणि प्रत्येक नोंदीत नाव, पत्ता, छायाचित्र व बोटांचे ठसे होते. मात्र ती पोलीस आणि तपास यंत्रणांनाच पाहता येते. त्याच दिवशी सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींसाठी एक पोर्टल जनतेला खुले झाले. गोंधळ बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

अमेरिकेचा दाखलाही अर्धवट आहे. तिथे १९९६च्या ‘मेगन्स लॉ’नंतर अशा नोंदी लोकांपुढे आल्या आणि अनेक राज्यांत ईमेलने सूचनाही मिळतात. पण सूचना येते ती नोंदणीकृत व्यक्तीचा पत्ता परिसरात नोंदला गेल्यावर, आणि तो पत्ता मुळात तिनेच कळवलेला असतो. शिवाय प्रत्येक नाव दिसतेच असे नाही: कॅलिफोर्नियात २०२१पासून गुन्ह्यानुसार १० वर्षे, २० वर्षे किंवा आजन्म नोंदणी करावी लागते आणि काही नोंदी संकेतस्थळावर दाखवल्याच जात नाहीत. शिक्षाच न झालेला माणूस तर कुठल्याच यादीत सापडत नाही.

दाव्यातील सर्वांत घातक भाग म्हणजे ते ‘निर्धास्त राहा’. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा, म्हणजे नातेवाईक, शेजारी, मित्र किंवा परिचित असतो. अशा काकाचे किंवा सावत्र बापाचे नाव पत्त्यासह जाहीर झाले, तर त्या घरातली पीडित मुलगी कोण हे गल्लीतल्या कोणालाही विचारावे लागणार नाही. पोक्सो कायद्याचे कलम २३ तर पीडित बालकाचे कुटुंब, शाळा किंवा परिसर उघड होईल असा तपशील देण्यासही माध्यमांना मनाई करते; मग पोलिसांनीही पोटातच ठेवलेली यादी चव्हाट्यावर आणा म्हणणाऱ्यांनी आधी या मुलीचा विचार केला आहे का?

यादी बंद म्हणून पालक हतबल आहेत, असेही नाही. पोक्सो नियम, २०२०नुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी यांसारख्या मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कायम व कंत्राटी, शिक्षक व शिक्षकेतर अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घेणे बंधनकारक आहे. तेव्हा पालकसभेत बसचालक, सफाई कामगार आणि क्रीडा प्रशिक्षक यांची शेवटची पडताळणी कोणत्या महिन्यात झाली, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारावे.