क्रॉकेट आणि परसातला कोबी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्रॉकेटवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की एस. आर. क्रॉकेट हा स्कॉटिश कथा-कादंबरीकार म्हणजे ‘केलयार्ड’वाला, स्कॉटिश खेड्यातलं दारिद्र्य पाकात घोळून शहरी वाचकांना विकणारा. समीक्षकांनी तो कधीच निकालात काढलाय, मग मी त्याला का उकरून काढते आहे? जाता जाता क्रॉकेटचं जन्मवर्षही चुकल्याचं दाखवलंत. ते आधी मान्य. 1859 हेच बरोबर. 1860 मी एका जुन्या ज्ञानकोशातून डोळे मिटून उचललं होतं.

आता ‘केलयार्ड’. म्हणजे घरामागचा कोबीचा वाफा. 1895 मध्ये जे. एच. मिलर या समीक्षकाने जे. एम. बॅरी, इयान मॅक्लारेन आणि क्रॉकेट या तिघा स्कॉटिश लेखकांना मिळून हे नाव चिकटवलं. शिवी म्हणून झकास आहे, मलाही आवडते. पण शिवीचा एक तोटा असतो, ती एकदा बसली की पुस्तक उघडून बघायची कुणाला गरज वाटत नाही.

त्याच्या ‘द लायलॅक सनबॉनेट’ या कादंबरीबद्दल मी भांडणार नाही. त्यातली प्रेमकथा मलाही दोन बैठकांत संपवता आली नाही, गोडपणाने दात शिवशिवले. पण ‘द स्टिकिट मिनिस्टर’ (1893) या संग्रहातली पहिलीच कथा घ्या. ‘स्टिकिट मिनिस्टर’ म्हणजे पाद्री व्हायला निघालेला आणि मध्येच अडकून पडलेला माणूस. रॉबर्ट फ्रेझर शिक्षण सोडून शेतावर परततो. गावाला वाटतं, नापास झाला. खरं कारण असं, की त्याला क्षय झालाय आणि घरातल्या पैशात दोघांचं शिक्षण होणार नाही. त्या पैशावर धाकटा भाऊ डॉक्टर होतो आणि थोरल्यालाच हिणवतो. रॉबर्ट एका मित्राजवळ सोडून कुणाजवळ बोलत नाही. कथेत अश्रू आहेत, कबूल. पण खेड्यात सगळं गोड असतं असं ती म्हणते, हे तुम्ही कुठे वाचलंत?

आणि ‘विकणारा’ हा शब्द मला खुपला. क्रॉकेट स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला गॅलोवेत, लिटल डुक्रे नावाच्या शेतावर जन्मला. आई दूधदुभतं बघणारी, लग्न न झालेली. त्याला वाढवलं आजीआजोबांनी, तेही कडक धर्मनिष्ठेच्या घरात. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला, मग एडिंबरोजवळच्या पेनिकुकला पाद्री झाला आणि 1895 मध्ये लेखनासाठी ते पद सोडलं. बाहेरून येऊन खेडं बघून गेलेला हा पाहुणा नव्हे.

तुमच्या टिपणात साहसकथांचा उल्लेखच नाही, आणि माझा अर्धा लेख त्यांच्यावर होता! ‘द रेडर्स’ (1894) मध्ये कोबी औषधालाही सापडणार नाही. सॉल्वे खाडीच्या किनाऱ्यावरचे तस्कर, डोंगरातले जिप्सी, गुरं पळवणाऱ्या टोळ्या, आणि लॉक नेल्ड्रिकन तळ्यातली ‘मर्डर होल’, बोरूच्या वेढ्यातलं गोल काळं पाणी, थंडीतही न गोठणारं. गंमत म्हणजे ही दंतकथा मुळात दुसऱ्या ठिकाणची, क्रॉकेटने ती उचलून नेल्ड्रिकनला नेली. आता नकाशातही नाव तिथेच आहे. ‘द मेन ऑफ द मॉस हॅग्ज’ (1895) मध्ये 1680च्या दशकात राजाच्या घोडेस्वारांपासून दलदलीत लपणारे कव्हेनंटर, म्हणजे चर्चवर राजाची सत्ता न मानणारे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, आहेत. तिथे माणसं धर्मासाठी गोळ्या खातात. हे साखरेचं पाणी आहे का?

‘ट्रेझर आयलंड’वाल्या स्टीव्हन्सनच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही मला नीट पकडलंत. मी ‘स्टीव्हन्सनने त्याच्यावर कविता लिहिली’ असं लिहिलं, त्यातून क्रॉकेटचं कौतुक केल्यासारखं वाटतं. क्रॉकेटने ‘द स्टिकिट मिनिस्टर’ त्याला अर्पण केलं, ती अर्पणपत्रिका वाचून पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर बसलेल्या स्टीव्हन्सनने उत्तरादाखल ती कविता केली. कविता क्रॉकेटच्या नावे असली, तरी ती आहे घराच्या ओढीची, कव्हेनंटर हुतात्म्यांच्या थडग्यांभोवती ओरडणाऱ्या माळरानावरच्या पक्ष्यांची. स्टीव्हन्सन 1894च्या डिसेंबरात गेला, घरी परतलाच नाही. क्रॉकेटही 1914 मध्ये फ्रान्समध्ये तारास्कोंला वारला, पण त्याला बॅल्मागीच्या दफनभूमीत आणलं, जन्मस्थळापासून काही मैलांवर.

तो पहिल्या रांगेतला लेखक आहे असं मी म्हटलेलं नाही, आजही म्हणत नाही. फार लिहिलं, घाईने लिहिलं, पुष्कळसं टाकाऊ आहे. पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय, नेटवर फुकट मिळतात. ‘सनबॉनेट’ बाजूला ठेवा आणि ‘रेडर्स’ची पहिली तीन प्रकरणं वाचा. स्कॉट्स बोलीतले संवाद सुरुवातीला अडतील, मोठ्याने वाचले की सुटतात.