कुंडीतल्या छत्र्या आणि मेलेला मोगरा

ताई, कुंडीत उगवणाऱ्या छत्र्यांवरच्या (भूछत्रांवरच्या) माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "छत्र्या राहू द्या म्हणता, पण माझा मोगरा त्याच बुरशीनं खाल्ला. घरात लहान मूल आहे, असलं बेजबाबदार लिहू नका." यातलं मुलाचं आधी घेतो, कारण तिथं चूक माझीच आहे.

पिवळ्याधमक छत्र्यांचा फोटो टाकून "दोन दिवस कौतुक करा, आपोआप सुकतील" एवढंच लिहून मी मोकळा झालो. त्या विषारी आहेत, पोटात गेल्या तर उलट्या-जुलाब होतात, हे लिहायला हवं होतं. रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर दिसताक्षणी उपटा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, हात धुवा. लेखात ही भर आजच घातली. (आणि वारुळावरची अळंबी ओळखता येते म्हणून कुणी कुंडीतली तव्यावर टाकू नये!)

मोगऱ्याचं मात्र पटलं नाही. ही बुरशी, ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमी, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खतातला काडीकचरा, असं मेलेलं तेवढं कुजवून खाते. छत्री म्हणजे तिचं फळ; खरा पसारा मातीतल्या पांढऱ्या धाग्यांचा, त्यामुळे छत्री उपटली तरी बुरशी राहतेच. जेम्स बोल्टननं १७८८ मध्ये तिचं वर्णन केलं, ते इंग्लंडात अननसासाठी तापवलेल्या काचघरात उगवलेली पाहून. ऊब, दमटपणा आणि खाली कुजका पाला. जुलैतली आपली बाल्कनी याहून काय वेगळी असते?

पानं पिवळी पडली म्हणून पाणी वाढवलं, कुंडीखाली ताटली आहे, हे तुम्हीच लिहिलंय. माझा संशय त्या ताटलीवर आहे. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. त्याच ओलीवर छत्र्याही फोफावतात. मढ्यापाशी सापडला तोच खुनी, असा न्याय झाला हा! शिवाय बुरशी मारायला तुम्ही जो ट्रायकोडर्मा घातला, तीही बुरशीच की.

कुंडी फेकली नसेल तर उपडी करून मुळं बघा. काळी, मऊ, साल निसटणारी आणि कुबट वासाची असतील तर पाण्यानं गेली. कुरतडलेली दिसली तर मातीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, शोधा. काहीही निघालं तरी फोटो टाका.