आमदार झालेल्या वकिलाची सनद रद्द होत नाही

निवडणूक जिंकली की वकिलाची सनद आपोआप रद्द होते आणि त्यानंतर शिवाजीनगर कोर्टात उभे राहणे बेकायदा ठरते, असा मजकूर पुण्यात फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

हा घोळ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ मुळे होतो. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असे तो नियम सांगतो. आमदाराला वेतन मिळते, म्हणून तो नोकरदार, असा तर्क लावला जातो. नेमका हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २५ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल लागला: वेतन सरकारी तिजोरीतून मिळत असले तरी लोकप्रतिनिधी आणि सरकार यांच्यात मालक-नोकराचे नाते नाही, त्यामुळे नियम ४९ त्यांना लागू होत नाही. वकिलीवर स्पष्ट बंदीही कायद्यात नाही.

मतदारसंघाचे काम सोडून खटले चालवावेत का, हा प्रश्न रास्तच आहे आणि तो आमदाराला जरूर विचारावा. पण ‘बेकायदा’ हा आरोप गंभीर आहे. निकाल न वाचता तो कुणावरही करू नका, आणि तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.