बघायला बांधलेल्या जागा

काल संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी चार भिंतीवर जाऊन बसले, सोबत पुतणी होती, पाचवीतली. वर पोचल्या पोचल्या तिनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "आत्या, पण इथं बघायला आहे काय?" तिचं चुकलं नाही, तिनं आजवर बघितलेल्या प्रत्येक 'पॉइंट'वर काहीतरी उभं केलेलं असतं, रंगीत, मोठं, फोटो काढायला. पण त्या प्रश्नानं मी जरा अस्वस्थ झाले म्हणून हे लिहितेय, लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

बाहेरगावच्यांसाठी सांगते, चार भिंती म्हणजे साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगावर, शहराच्या बाजूला असलेली जागा. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातली. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक वरून नीट बघता यावी म्हणून बांधली असं आमच्याकडं सगळे सांगतात. आता ते 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. 8 सप्टेंबर 1857 ला गेंडामाळावर इंग्रजांनी 17 जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. त्यामुळं तिथं गेलं की मी आधी चपला काढून नमस्कार करते आणि मगच कट्ट्यावर टेकते.

आबा, म्हणजे माझे आजोबा, मला लहानपणी इथं आणायचे आणि त्यांचा एक नियम होता, दहा गोष्टी ओळखून सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नाही. राजवाडा कुठाय, पोवई नाका कुठाय, तो समोरचा लांबचा डोंगर कुठला (जरंडा), सूर्य कुठल्या डोंगराआड चालला (यवतेश्वर), कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना भेटतात ते माहुली कुठल्या अंगाला. सापडलं नाही की ते सांगायचे नाहीत, नुसते म्हणायचे, "बघ की, घाई काय आहे." शाळेच्या नकाशात मला सातारा कधी कळला नाही, तो इथं कळला.

आणि ही जागा मोठी नाही हो. नक्षीकाम नाही, महाल नाही, ती समोर येऊन उभी राहत नाही. आपल्याला फक्त उंचीवर नेऊन बसवते आणि बाजूला होते. नजारा बघायला म्हणून जे काही बांधायचं त्याचं काम एवढंच असतं असं माझं ठाम मत आहे.

जुन्या लोकांना हे कळत होतं. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर बघा, वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधून घेतलेली. तिथं तर दरी नाही की डोंगर नाही, शेतीला पाणी काढायची विहीर, तरी बांधणाऱ्यांनी विहिरीतच वर बसायला छोटासा महाल केला, कमानीतून खाली पाणी बघत बसायचं, उन्हाळ्यात गार वारं अंगावर येतं. म्हणजे बघण्यासारखं काही डोंगरावरच असतं असं नाही. तिकडं मांडूला रूपमतीचा मंडप आहे, मूळ चौकी पहाऱ्याची, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच की राणी तिथून नर्मदेचं दर्शन घ्यायची. आणि पुण्यात शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून आळंदीचा कळस दिसायचा म्हणतात. आज तो मजलाच नाही, आणि असता तरी मधल्या बिल्डिंगांतून काय दिसलं असतं!

नवीन बांधूच नका असं मी म्हणत नाही. ठोसेघरला समोरच्या बाजूला केलेली गॅलरी मला आवडते. धबधबा पूर्ण दिसतो, रेलिंग आहे, पावसाळ्यात निसरड्या कड्याच्या टोकाला जाऊन जीव धोक्यात घालायची गरज राहत नाही. महाबळेश्वरला विल्सन पॉइंट, 1439 मीटर, तिथले बुरुजासारखे उंचवटे साधेच आहेत पण पहाटे तिथं उभं राहिलं की ते पायाखाली आहेत हेसुद्धा विसरायला होतं. काम झालं की!

पण मागच्या महिन्यात घाटातल्या एका ठिकाणी गेलेलो, नाव घेत नाही, तिथं काचेची गॅलरी, तिकीट, मोठ्ठी लाल अक्षरं, रात्री लायटिंग, वर स्पीकर. आणि सगळी माणसं दरीकडं पाठ करून उभी. सगळीच्या सगळी! मीही काढला फोटो, घरी येऊन बघितला तर मागं दरी नाहीच, अक्षरंच अक्षरं. इतका खर्च करून, एवढा डोंगर फोडून शेवटी दरीच झाकली, याचं मला खरंच वाईट वाटतं. आता कुणी कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, असलं काही करायचं मनात आणू नये एवढीच हात जोडून विनंती. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात 850 हून जास्त प्रकारच्या वनस्पती, तिथं बघायला मनोरा लागतच नाही, गुडघ्यावर बसावं लागतं.

तर पुतणीला मी उत्तर दिलं नाही, आबांचा नियम सांगितला. आधी कंटाळली, मोबाइल मागितला, मग राजवाडा सापडला, मग तिची शाळा, मग हायवेच्या गाड्या. अंधार पडायला लागला, खाली दिवे लागले तेव्हा आठ झालेल्या, आठवी म्हणजे आमच्या गल्लीतला मारुतीच्या देवळाचा दिवा, तो मला स्वतःला आजवर कधी दिसला नव्हता. दोन राहिल्यात. रविवारी परत जाणार आहोत, कुणाला यायचं असेल तर साडेपाचला पायथ्याला या, पोरांना घेऊन या.