मीटर म्हणतो 12.6

कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेतला म्हटलं की लोक इंजिनाची चौकशी करतात, टायर दाबून बघतात, आत झोपायला किती जण मावतात ते विचारतात. छतावरच्या पंख्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. छताला 14 इंच बाय 14 इंचाचं चौकोनी भोक, त्यात पंखा आणि वर उघडझाप करणारं झाकण, एवढाच त्याचा संसार. पण तो बंद पडला की आत झोपलेल्या सगळ्यांचे श्वास रात्रभर काचांवर साचतात आणि पहाटे थेंब होऊन उशीवर परत येतात. कालच्या जेवणाचा वास असतो तो वेगळाच.

आमचा पंखा पूर्ण बंद पडला असता तर एक वेळ चाललं असतं. मेलेल्या वस्तूचं निदान सोपं असतं. हा बटण दाबलं की ‘टक्’ करायचा, पाती चार बोटं सरकवायचा आणि थांबायचा. गाडीला बाहेरून चार्जर जोडला की रखडत का होईना, फिरायचा. तेवढ्यात कुणी नळ सोडला आणि पाण्याचा पंप घुरघुरला की पुन्हा मान टाकायचा.

ज्याला सांगावं तो म्हणे, मोटर गेली. मोटर न बघता. ‘नवीन पंखा घेऊन टाका’ हा सल्ला देणाऱ्याच्या खिशाला काही लागत नाही, म्हणून तो फार ठामपणे दिला जातो. जरा जाणकार असेल तो विचारतो, ‘फ्यूज बघितला का?’ आणि आपण ‘हो’ म्हटलं की त्याचंही ज्ञान तिथेच संपतं. फ्यूज बघितला होता. लाल रंगाचा, 10 अँपिअरचा, आतली तार धडधाकट. झाकणही पुरतं उघडलेलं होतं, कारण बऱ्याच पंख्यांत झाकण पुरेसं वर आलं नाही तर आतला छोटा स्विच मोटरला वीजच जाऊ देत नाही. म्हणजे घोडं आणखी पुढे कुठेतरी पेंड खात होतं.

छतातलं वायरिंग ज्याने शोधून काढलं, त्याला माणसाच्या मानेबद्दल काही माहिती नसावी. उभं राहावं तर डोकं आपटतं, बसावं तर हात पोचत नाही. मग गुडघे अर्धवट वाकवून, मान मागे टाकून, दोन स्क्रू ओठांत धरून काम करायचं. अशा वेळी घरातलं माणूस हमखास काहीतरी विचारतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं की स्क्रू खाली आणि थर्मोकोलचा भुगा आत.

सुरुवातीला फ्यूज काढून ठेवला आणि बोटातली अंगठीही. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक या वायरिंगशी सलगी करतात. झटका बसत नाही हे खरं. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर तीच गरीब बिचारी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि पाना लाल होतो. तिथे पान्याऐवजी अंगठी असेल तर काय, याचा विचार बोट शाबूत असतानाच करून ठेवलेला बरा.

आतली चौकट उतरवली तर दोन वायरी निघाल्या, एक काळी आणि एक पांढरी. गाड्यांत सहसा लाल म्हणजे पॉझिटिव्ह आणि काळी म्हणजे निगेटिव्ह. कॅम्परच्या मागच्या भागात मात्र कित्येकदा काळी पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. एकाच गाडीत ड्रायव्हरच्या सीटपर्यंत एक धर्म, मागे दुसरा. जोडणी उलटसुलट झाली तर साधी मोटर उलटी फिरते आणि बाहेरची धूळ आत घेते. पंख्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असलं तर तेवढंही करत नाही, धूर सोडून मोकळं होतं.

आमच्या कॅम्परच्या आधीच्या मालकांनी तर तिसराच पंथ काढला होता. छतात काळी असलेली वायर भिंतीत शिरून तपकिरी होऊन बाहेर येत होती आणि फ्यूजच्या पेटीपर्यंत पोचेतो निळी झालेली असे. प्रत्येक रूपांतराच्या जागी दोन तारांना पीळ आणि वर टेप. टेप सोडवायला गेलो तर तिचा डिंक वितळून काळा चिकटा झालेला. तो बोटांना लागला तो लागलाच. पण त्यांना तरी काय बोलणार! विजेच्या कुठल्या बाजूला अधिक म्हणायचं नि कुठल्या बाजूला उणे, हे बेंजामिन फ्रँकलिनने 18 व्या शतकात अंदाजाने ठरवून टाकलं. 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा कळलं की तारेतून वाहणारं जे काही आहे ते उलट्या दिशेने जातं. तरी आकृत्यांतले बाण आजही जुन्याच दिशेला तोंड करून उभे आहेत.

फ्यूज पुन्हा बसवला आणि पंख्याच्या वायरींवर व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. 12.6 व्होल्ट. बॅटरीवर लावला, तिथेही 12.6. भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीने जेवढे दाखवावेत तेवढेच.

“म्हणजे वीज येतेय ना वरपर्यंत?” बायकोने खालून विचारलं.

“येतेय.”

“मग पंखा का फिरत नाही?”

“तेच बघतोय.”

“अहो, मग मोटरच—”

“मोटर गेलेली नाही!” हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो आणि एक स्क्रू गमावला.

या मल्टिमीटरचा स्वभाव ओळखून असावं लागतं. तो खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. त्याचा स्वतःचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण 10 मेगाओहम, म्हणजे तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वाटेत गंजलेला जोड असला तरी त्याला तो जाणवतच नाही. पंख्याचं तसं नाही, त्याला पोटाला लागतं. तो 3 अँपिअर मागतो, आणि वाटेतल्या जोडात नुसता 1 ओहम रोध असला तरी 3 व्होल्ट तिथेच गडप. ज्याच्या नावाने हा रोध मोजतात त्या जर्मन ओहमने हे 1827 मध्येच छापून ठेवलंय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं बॅटरी बिचारी इमानाने दळत होती आणि मधल्यामध्ये कुणीतरी फस्त करत होतं. पंख्याचं बटण दाबून ठेवलं आणि त्याच वायरींवर पुन्हा मीटर धरला, तर 12.6 चा आकडा झरझर उतरत 9 च्या खाली आला. बटण सोडलं, की पुन्हा 12.6, जसं काही घडलंच नाही.

आता खाणारा शोधायचा. त्यासाठी लांब वायरचा तुकडा मीटरच्या एका टोकाला जोडला आणि वायरचं दुसरं टोक मुलीच्या हातात देऊन तिला बॅटरीपाशी बसवलं. पंखा चालू ठेवायचा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंख्याच्या पॉझिटिव्हपर्यंत किती व्होल्ट हरवतात ते बघायचं. 0.2. एवढे वाटेत सांडायचेच. मग निगेटिव्हपासून निगेटिव्हपर्यंत.

“बाबा, किती आले?”

साडेतीनच्या वर! मला इतका आनंद झाला की बायकोला वाटलं पंखाच सुरू झाला. तिने वर बघितलं, पाती ढिम्म. तिने मुलीकडे बघितलं. मुलीने खांदे उडवले.

आतापर्यंत सगळ्यांनी येणारी वीज तपासली होती, परत जाणारीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. निगेटिव्ह वायर कपाटामागून खाली उतरून, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, गाडीच्या लोखंडी चॅसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, एका स्क्रूला बांधलेली होती; तिथून बॅटरीकडे परतायची वाट त्या लोखंडातूनच. तिथपर्यंत पोचायला मला आडवं पडून एक हात टाकीमागे घालावा लागला, तोही उलटा. हाताला जे लागलं ते स्क्रूपेक्षा खपलीसारखं होतं. टॉर्च मारून पाहिलं तर एकाच स्क्रूखाली चार थिंबल (वायरींच्या टोकांना बसवायच्या धातूच्या कड्या) एकावर एक दाबलेली, खाली चॅसिसचा रंग तसाच, रंगाच्या कडेने फुगलेला तांबडा गंज, आणि तांब्याच्या तारांवर हिरवट भुकटी. स्क्रू सैल करायचा म्हणून पान्याने जरासं हलवलं, तर तो सरळ हातातच आला.

पुढचं काम मेहनतीचं, पण डोक्याला त्रास नसलेलं. लोखंड चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासलं. वायरींची टोकं कापून आतलं लाल तांबं काढलं, नवी थिंबल दाबून बसवली, दातेरी वॉशर घालून नट-बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. पंखा लावला, तर तो अशा जोरात फिरला की दरवाजावरचा पडदा आत खेचला गेला.

थिंबल चार होती हे मी विसरलोच होतो. पंख्याच्या निगेटिव्हबरोबर पंपाची आणि दोन दिव्यांचीही निगेटिव्ह त्याच स्क्रूवर होती. हा पंप तसाच मंद, हे दिवे तसेच पिवळट, असं आम्ही सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. मी चिकट हात धुवायला नळ सोडला, तर पाण्याची धार बेसिनला आपटून थेट माझ्या शर्टावर आली. बायकोने फडकं शोधायला दिवा लावला. सगळा कॅम्पर लख्ख उजळला आणि पांढऱ्या छतावर पंख्याच्या चारी बाजूंनी उमटलेले माझ्या दहाही बोटांचे काळे ठसे एकदम स्पष्ट दिसले.

तिने फडकं माझ्याकडे फेकलं. “शर्ट राहू दे,” ती म्हणाली, “हे वर चालवा आधी.”