गोळी सोडल्यावरचं दुखणं म्हणजे ‘विष बाहेर पडणं’ नव्हे

संधिवाताच्या रुग्णांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. सिंधुदुर्गातल्या माझ्या औषधाच्या दुकानात लोक तो मोबाईलवर उघडूनच येतात. त्याचं म्हणणं असं: ‘स्टेरॉईड म्हणजे विष. बरं वाटलं की त्याच दिवशी बंद करा. नंतर अंग दुखलं तर घाबरू नका, साठलेलं विष बाहेर पडतंय. पंधरा दिवस सोसा आणि सांध्यांचं चूर्ण सुरू करा.’ यातलं एकेक वाक्य तपासायलाच हवं, कारण माणसं त्यावर विसंबून चालू गोळी तोडतात.

‘स्टेरॉईड विष आहे.’ साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, हे खरं. डॉक्टर डोस उतरवतात तो त्यासाठीच. पण 1948 साली संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉईड दिलं गेलं आणि 1950 साली त्या कामाला नोबेल मिळालं, तेही उगाच नाही. मेथोट्रेक्सेटसारखं आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध लागू पडायला कित्येक आठवडे लागतात. तोवर सांधे वाचवायचं काम प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी करते.

‘त्याच दिवशी बंद करा.’ मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य हे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, तयार करतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ ते गोळीतून मिळत राहिलं की या ग्रंथी मंदावतात आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. गोळी एकदम तोडली तर उलट्या, उभं राहिल्यावर चक्कर, बीपी कोसळणं, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूसुद्धा. दम्याच्या झटक्यात मिळणारा पाच-सात दिवसांचा कोर्स बहुधा तसाच थांबवता येतो. त्या अनुभवावरून सहा महिन्यांची गोळी कुणी सोडू नये. समुद्रावर चार दिवसांसाठी जाणाऱ्या खलाशाने गोळ्या घरी विसरल्या, किंवा एखाद्या काकीने उपवास म्हणून दोन दिवस घेतल्या नाहीत, तरी धोका तोच. गोळीने उपवास मोडत नाही हो!

‘दुखणं म्हणजे विष बाहेर पडतंय.’ असं काहीही बाहेर पडत नसतं. डोस कमी केल्यावर अंग दुखलं तर कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकावर करायचं वेगळं.

कधी शरीराला कमी डोसची सवय होत असते. अंग मोडून येतं, थकवा येतो, मन उदास होतं, पण सांध्याला सूज नसते. हे बहुधा काही दिवसांत ओसरतं. कधी मूळ आजारच उसळतो: सकाळी तासभर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, सांधा सुजलेला आणि गरम, रोज थोडं जास्तच. रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला दिसला तर संशय बळावतो. अशा वेळी डॉक्टर सहसा ज्या डोसवर बरं होतं तिथे परत नेतात, थांबतात आणि मग पुढची पायरी लहान ठेवतात. खांदे आणि कंबर आखडवणाऱ्या पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिका या आजारात 10 मिलिग्रॅमच्या खाली साधारण महिन्याला एकेकच मिलिग्रॅम उतरवतात, ते याच कारणाने. दोन पावलं मागे यावं लागलं म्हणजे उपचार फसला असं नव्हे. मात्र मनाने एकदम 20 ची गोळी घेऊ नका. आणि दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मागून त्यावर भर घालू नका. काउंटरवर हे रोज मागतात आणि मी रोज नाही म्हणतो, कारण स्टेरॉईडसोबत ते घेतलं की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव व्हायची भीती वाढते.

तिसरं कारण आपल्या पावसाळ्याचं आहे. लावणीच्या चिखलात राबलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. स्टेरॉईडमुळे ताप दबूनही राहतो, म्हणून ‘बारीक कणकण आहे’ म्हणत घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ‘स्टेरॉईड चालू आहे’ हे पहिल्यांदा सांगा. तापात शरीराची गरज वाढते, त्यामुळे डोस कमी न करता उलट वाढवावा लागतो. उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनच लागतं, त्यासाठी सकाळची वाट पाहू नका.

पन्नाशीपुढच्या माणसाची कानशिलं नव्याने दुखू लागली, चावताना जबडा दुखला किंवा डोळ्यांपुढे अंधूक झालं, तर एक दिवसही सोसू नका. डोक्याच्या धमन्यांना सूज असेल तर नजर कायमची जाऊ शकते.

राहिलं चूर्ण. बिनलेबलच्या काही चूर्णांत स्टेरॉईड मिसळलेलं तपासण्यांत सापडलेलं आहे. वर्षानुवर्षांचे सांधे दोन दिवसांत मोकळे झाले तर आनंदाआधी संशय यायला हवा. मग ‘स्टेरॉईड सोडलं’ म्हणणारा माणूस किती घेतोय हे कुणालाच कळत नाही, आणि चूर्ण संपलं की वर सांगितलेलंच संकट उभं राहतं. घरात कुणी असं चूर्ण घेत असेल तर तेही एकदम बंद करू नका. पुडी तशीच पिशवीत घाला, चालू गोळ्यांच्या पट्ट्याही घ्या, आणि सगळं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.